बर्गनचा पाऊस: घरची मोठी मंडळी घेऊन नॉर्वेला जाणाऱ्यांसाठी

जास्वंदी

नॉर्वेचं ठरलं की घरोघरी फ्योर्ड, मध्यरात्रीचा सूर्य, नॉर्दर्न लाइट्स यांचीच चर्चा होते. बर्गनच्या वाट्याला येते एखादी रात्र, तीही "तिकडे फार पाऊस असतो म्हणे" अशा धास्तीने. आमच्याकडे उलट झालं. आई, मावशी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका, भाऊ-वहिनी, भाचरं असा सगळा माहेरचा गोतावळा घेऊन सप्टेंबरमध्ये आम्ही बर्गनलाच मुक्काम ठोकला. पाऊस रोज होता. आणि जाऊन आलेलं प्रत्येक जण अजून त्या गावाबद्दल बोलतंय.

हा धागा काढायचं कारण म्हणजे जाण्याआधी मराठीत जे वाचायला मिळालं, त्यात बहुतेक ठिकाणी "पावसाने सगळं धुऊन नेलं, काही बघता आलं नाही" एवढंच होतं. मला हे मनापासून पटत नाही. बर्गनमध्ये ऊन पडायची वाट बघत बसलात तर नक्कीच काही दिसणार नाही. पावसातच फिरायचं असं आधीच ठरवून दिवस आखलात, तर घरातल्या सत्तरीच्या माणसांनाही ते गाव मनसोक्त बघता येतं.

आधी पावसाचं बोलते. मुंबईत वर्षभरात जेवढा पडतो, साधारण तेवढाच बर्गनला पडतो, म्हणजे सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथे २००हून जास्त दिवस थोडा थोडा पडत राहतो. त्यामुळे मुसळधार कमी आणि रिपरिप जास्त. गुडघाभर पाणी साचलंय, गाड्या बंद पडल्यात असलं काही आम्ही पाहिलं नाही. बालवाडीतली पोरं रेनसूट घालून रांगेत बाईंबरोबर फिरत होती. ते बघून आमच्या भाचरांना घरात थांबायला सांगायची सोयच राहिली नाही.

छत्रीचा मात्र उपयोग होत नाही. बंदरावरून वारा येतो आणि छत्री उलटी करतो. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कचराकुंडीत काड्या मोडलेल्या छत्र्या दिसतात. डोक्यावर टोपी असलेलं पावसाळी जॅकेट, वरून चढवायची पावसाळी पँट आणि पाणी आत न घेणारे बूट, हे तीन ज्याच्याकडे आहेत त्याला बर्गन आपलंसं वाटतं. मावशी साडीशिवाय बाहेर पडत नाही. तिला ठाण्यातच सलवार-कुर्ता आणि त्यावर पावसाळी पँट घालून दोन संध्याकाळी तलावपाळीला चालायला नेलं होतं. तिथे गेल्यावर तिने एकदाही तक्रार केली नाही.

राहायला हॉटेल न घेता मासळी बाजारापासून चालत जाता येईल असं स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. पावसात ही जवळीक फार कामाची. ज्याचे पाय भिजले, जो दमला, तो दहा मिनिटांत घरी. बाकीचे पुढे. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायचं हा आग्रह आम्ही आधीच सोडला होता. सकाळी एक गोष्ट सगळ्यांनी मिळून बघायची, दुपारी ज्याला जे झेपेल ते, संध्याकाळी मुगाची खिचडी आणि मेतकूट.

आणि हो, तिथल्या बऱ्याच घरांत न्हाणीघराची फरशी गरम असते. रात्री मोजे, हातमोजे, बुटांतले तळवे तिथे पसरून ठेवले की सकाळी खडखडीत कोरडे. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. घर घेताना गरम फरशी आहे का, हे जरूर विचारा.

आता ब्रिगन. बंदराच्या काठावर लाल, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची रांग असते, ती सगळ्यांनी चित्रात पाहिलेली असते. बहुतेक पर्यटक समोरून फोटो काढून पुढे जातात. पावसात तो फोटो करडाच येतो, म्हणून मंडळी हिरमुसतात. पण खरं ब्रिगन त्या दर्शनी भिंतींच्या मागे आहे. दोन घरांच्या मधून आत शिरलं की जेमतेम दोन माणसं जातील अशी लाकडी फळ्यांची गल्ली लागते. वर दोन्ही बाजूंचे सज्जे इतके पुढे आलेले की आभाळाची नुसती पट्टी दिसते. फळ्या ओल्या असल्या की पावलागणिक आवाज बदलतो. कुठे भरीव, कुठे पोकळ. छपराच्या कडेवरून पाण्याची सरळ धार खाली पडत असते आणि ओल्या लाकडाला डांबराचा वास येतो. कुठलीच भिंत ओळंब्यात नाही, एक घर शेजारच्यावर रेललेलं. काका सुतारकामातले दर्दी. ते एका खांबाच्या सांध्यावर हात ठेवून इतका वेळ उभे राहिले की शेवटी भाचा त्यांच्यासाठी दुकानातून स्टूल मागून घेऊन आला. उन्हाळ्यात या गल्ल्यांत गर्दीमुळे पाऊल ठेवता येत नाही म्हणतात. आम्हाला त्या जवळजवळ मोकळ्या मिळाल्या, त्या पावसामुळे.

हे सगळं ब्रिगन १७०२च्या आगीत जळलं आणि पुन्हा जुन्याच पायांवर, जुन्याच मापाने उभं केलं. १९७९पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. १३६०च्या सुमारास हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे आपली पेढी मांडली, ती १७५४पर्यंत चालली. सगळे पुरुष. लग्न करायला बंदी. लाकडी घरांत आगीच्या भीतीने चूल नाही, दिवा नाही, शेकोटी नाही. मागच्या बाजूला शॉट्स्टूने नावाच्या वेगळ्या खोल्या होत्या, तिथेच काय ती आग पेटवायची, तिथेच जेवायचं आणि हिवाळ्यात ऊब घ्यायची. त्या खोल्या आजही बघायला मिळतात. बाहेरून ओलं होऊन आत गेल्यावर त्या चुलीचं मोल लगेच कळतं.

बाकी प्रश्न विचारा, आठवेल तसं लिहीन.

चकली

वाचनखूण साठवली. सासूबाई-सासरे आणि नणंदेचं कुटुंब घेऊन जायचं चाललंय. आम्ही दोघांनी पूर्वी एका सहल कंपनीबरोबर नॉर्वे केलं होतं. बर्गनला बस थांबली, पाऊस बघून गाइडने गाव खिडकीतून दाखवलं, मासळी बाजारात अर्धा तास दिला आणि निघालो. पैसे पूर्ण घेतले होते. त्यामुळे या वेळी स्वतःचं स्वतः करायचं आहे. फ्लोयेन डोंगरावर जाणारी रेल्वे पावसात करावी का? वर धुकं असलं तर पैसे वाया.

फ्योर्डकाठी

नोकरीनिमित्त बरीच वर्षं नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, बर्गनला सारखं जाणं होतं. जास्वंदी, बालवाडीच्या मुलांचं अगदी बरोबर टिपलंत. माझी मुलगी इथल्याच बालवाडीत वाढली. रोजच्या दप्तरात कोरड्या कपड्यांचा एक जादा जोड ठेवावा लागायचा आणि पाऊस आहे म्हणून मुलं आत ठेवली असं क्वचितच झालं.

चकली, फ्लोइबानेन, म्हणजे तीच फ्लोयेनची रेल्वे, मासळी बाजारापासून अगदी जवळून सुटते. १९१८पासून चालू आहे, ३२० मीटर उंचीवर सहा-सात मिनिटांत नेते. चाकाची खुर्चीही आत जाते, त्यामुळे सासूबाई-सासऱ्यांची काळजी नको. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघा. खाली रिपरिप आणि वर स्वच्छ, किंवा उलट, असं सर्रास होतं. तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवू नका. दिवसभरात जेव्हा ढग फाटेल तेव्हा उठून जा. म्हणूनच जास्वंदींचं गावात, चालत्या अंतरावर राहण्याचं म्हणणं मोलाचं आहे.

आणि धुक्यातही वर जा असं मी म्हणेन. मागे लगेच जंगल सुरू होतं, लहान मुलांसाठी खेळायची जागा आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत काश्मिरी जातीच्या शेळ्या मोकळ्या हिंडत असतात. त्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे आहेत, म्हणजे कुंपण नसताना त्या हद्दीत राहतात. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांतली पोरं खालचं शहर विसरून शेळ्यांमागेच असतात.

हवामानासाठी 'यर'चं अ‍ॅप घ्या. नॉर्वेची हवामान संस्था आणि तिथलं सरकारी प्रसारण केंद्र यांनी मिळून २००७मध्ये ही सेवा सुरू केली. दिवसाचा अंदाज बघू नका, त्यात सगळीकडे ढगच दिसतील. तासातासाचा बघा. इथली माणसं त्यावरूनच कपडे वाळत घालतात.

पर्जन्यमापक

फ्योर्डकाठी यांनी 'यर'चं नाव काढलं म्हणून राहवलं नाही. आज जगभरच्या हवामान नकाशांवर उष्ण आणि शीत आघाड्यांच्या ज्या रेषा काढतात, त्यांची कल्पना याच बर्गनमध्ये आकाराला आली. नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म बियर्क्नेस १९१७मध्ये लाइपझिग सोडून बर्गनला आले. पहिलं महायुद्ध चालू होतं, इतर देशांकडून येणारी हवामानाची माहिती बंद झालेली, आणि नॉर्वेच्या कोळ्यांना व शेतकऱ्यांना अंदाजाची निकड. म्हणून त्यांनी किनाऱ्यावर जागोजाग निरीक्षक नेमून नोंदींचं दाट जाळं विणलं. त्या नोंदींवरून त्यांचा मुलगा याकोब आणि इतर तरुण सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की पाऊस ठरावीक पट्ट्यांनी येतो, दोन वेगळ्या तापमानांच्या हवा जिथे एकमेकींना भिडतात तिथे. अभ्यासक त्याला बर्गन पंथ म्हणतात. रोज दारात पाऊस उभा असलेल्या गावानेच पावसाचं हे गणित सोडवलं, याचा मला फार आनंद वाटतो.

पर्यटकाला याचा उपयोग असा की पाऊस पट्ट्यांनी येतो म्हटल्यावर मधे उघडीपही येते. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. 'यर'वर ती दिसते.

कारण आपल्या सह्याद्रीसारखंच आहे. पश्चिमेकडून समुद्रावरची ओली हवा येते, भोवतीच्या डोंगरांवर चढते, थंड होते आणि पाणी तिथेच सोडते. आपल्याकडे मोसमी वारे चार महिने वाहतात, तिथले पश्चिमी वारे बाराही महिने. २००६च्या २९ ऑक्टोबरपासून २००७च्या २१ जानेवारीपर्यंत, सलग ८५ दिवस, बर्गनला रोज पाऊस नोंदला गेला होता.

देवगडकर

लेख फार आवडला. पण मासळीवर एक ओळसुद्धा नाही, हे कसं चालेल? ते हान्साचे व्यापारी तिथे घरदार सोडून, अंधारात, थंडीत कशासाठी राहिले? सुक्या माशासाठी. उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा पकडतात आणि साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत लाकडी मांडवांवर नुसता वाऱ्यावर वाळवतात. मीठ अजिबात नाही. थंडी बरोबर गोठणबिंदूच्या आसपास, त्यामुळे मासा कुजत नाही आणि बर्फही होत नाही. वाळला की लाकडासारखा टणक, वर्षानुवर्षं टिकणारा. युरोपात उपासाच्या दिवशी मटण वर्ज्य, मासा चालतो, म्हणून मागणी प्रचंड. उत्तर नॉर्वेत धान्य पिकत नाही, म्हणून हान्साची जहाजं धान्य घेऊन यायची आणि सुका मासा घेऊन जायची. ती अदलाबदल व्हायची जागा म्हणजे हे ब्रिगन. बर्गनच्या पेढीच्या शिक्क्यावर अर्ध्या गरुडाशेजारी मुकुट घातलेला सुका मासा आहे. माशाला मुकुट! आमच्या किनाऱ्यावर बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांनीही किती घरं पोसली आहेत. त्यांना कोणी असा मान दिलेला मला ठाऊक नाही.

तो मासा खायचा कसा, हे जास्वंदींनी लिहावं.

जास्वंदी

@देवगडकर, आमच्यात मासे खाणारे निम्मेच, म्हणून राहिलं. सुका कॉड घरी शिजवायचा तर कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवावा लागतो, ते आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. पण मासळी बाजाराशेजारच्या बंद दालनात बसून माशांचं सूप प्यायलो. दूध-सायीचं, भाज्या घातलेलं, किंचित आंबट. भिजून गेल्यावर त्यासारखं दुसरं काही नाही. भावाने सुक्या माशाचे तुकडे पाकिटातून घेतले. तसेच चघळायचे असतात. वहिनी वेंगुर्ल्याची, तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "वास घरचा आहे, मीठ नाही फक्त." शाकाहारींना त्या गावचे दालचिनीचे गोड बन, शिलिंग्सबोले, आणि तपकिरी चीज. पण रोजचं जेवण बाहेर महाग पडतं, तेव्हा किराणा दुकान शोधून घरी शिजवा.

@चकली, सहल कंपनीचं वाचून वाईट वाटलं. पावसात गावात फिरवायचं नाही हा त्यांचा निर्णय झाला, निदान फिरणार का एवढं विचारायला हवं होतं. आमच्या आईला कोणी बसमध्ये बसवून ठेवलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

@पर्जन्यमापक, हे माहीत नव्हतं! भाच्याला वाचून दाखवलं.

मीठभाकर

थोडा वेगळा सूर लावते. तुमच्याकडचे काका हौशी आणि सगळे हिंडते-फिरते. प्रत्येक घरात असं नसतं. माझ्या आईला संधिवात आहे, ओल सहन होत नाही. ओल्या फळ्या आणि दगडी रस्ते यांवर पाय घसरला तर परदेशात काय करायचं? ज्येष्ठांना घेऊन जायचं तर सप्टेंबर कशासाठी? मे-जूनमध्ये जावं.

फ्योर्डकाठी

मीठभाकर, तुमचं म्हणणं रास्त आहे. मे आणि आसपासचे महिने त्यातल्या त्यात कोरडे, आणि सप्टेंबरपासून पाऊस चढत जातो. आपल्याकडे मेची सुट्टीही असते. फक्त १७ मे हा इथला राष्ट्रीय दिवस. सगळं गाव पारंपरिक पोशाखात रस्त्यावर, मिरवणुका, बँड, मुलांचे ढोल. बघायला अप्रतिम, पण दुकानं बंद आणि राहायच्या जागा फार आधी भरतात. पण मे म्हणजे कोरडा असं धरून चालू नका, जॅकेट न्यावंच लागेल.

काठीला खालून नवीन रबर बसवून घ्या. ब्रिगनच्या गल्ल्या ज्यांना जमणार नाहीत त्यांच्यासाठी ब्रिगन्स म्युझियम शेजारीच आहे. सगळं आत, सपाट, बसायला जागा.

जास्वंदी

@मीठभाकर, तुमची काळजी अगदी खरी आहे. आईंना ओल सोसत नसेल तर सप्टेंबर नको, हे मीही म्हणेन. आमच्या काकांनीही उतारावरच्या दगडी गल्ल्या टाळल्या.

ब्रिगन्स म्युझियमवर मात्र मला लिहायचंच होतं, बरं झालं विषय निघाला. १९५५मध्ये ब्रिगनच्या एका भागाला पुन्हा आग लागली. जळालेल्या जागी वर्षानुवर्षं उत्खनन चाललं आणि खाली मध्ययुगातलं गाव सापडलं. धक्के, घरांचे पाये, चपला, खेळणी, आणि रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत मजकूर कोरलेल्या लाकडाच्या शेकडो काड्या. तोवर समज असा होता की रून म्हणजे मोठ्या शिळांवरची स्मारकाची लिपी. इथे निघाल्या त्या रोजच्या कामाच्या चिठ्ठ्या. हा माल अमक्याचा, अशा पाट्या, प्रार्थना, प्रेमाच्या ओळी. एका काडीवर कोरलंय: "ग्यूदा म्हणते, तू घरी ये." एवढंच. कोणाला, कुठून, माहीत नाही. मावशी त्या वाक्याशी थबकली. माझे मामा बोटीवर होते, सहा-सहा महिने बाहेर. आजी टपालखात्याच्या निळ्या पत्रावर शेवटी हेच लिहायची, असं मावशी म्हणाली. आम्ही बराच वेळ तिथेच होतो. बाहेर पाऊस वाढला होता आणि कोणालाच घाई नव्हती.

या काड्या इतकी शतकं टिकल्या त्याचं कारणही पाणीच. ब्रिगनच्या खालची जमीन म्हणजे मीटरच्या मीटर जुनं लाकूड, भुसा, कचरा. ती ओलीचिंब असते तोवर हवा आत जात नाही आणि लाकूड कुजत नाही. शेजारच्या बांधकामामुळे भूजल खाली गेलं तेव्हा लाकूड सडायला लागलं आणि वरची घरं खचायला लागली. मग तिथल्या लोकांनी काय केलं, तर पावसाचं पाणी गटारात न सोडता हिरवळीच्या चरांतून, खड्ड्यांतून पुन्हा जमिनीत मुरवायला सुरुवात केली, भूजल वर आणलं. म्हणजे ज्या पावसाला आपण नावं ठेवतो त्याच्यावर ती जुनी घरं उभी आहेत. आपल्याकडे पाणी अडवा, पाणी जिरवा विहिरींसाठी, तिथे एका वारशासाठी.

अभोगी

ग्यूदाचं वाचून अंगावर काटा आला.

संगीताची आवड असणाऱ्यांनी ट्रोल्डहाउगेन चुकवू नये. संगीतकार एडवर्ड ग्रीग १८८५पासून तिथे राहायचे. पाण्याच्या काठावर त्यांची रचना करायची एकखणी झोपडी आहे, टेबल खिडकीशी, समोर सरोवर. १९०७मध्ये ते गेले, त्यांच्या अस्थी तिथल्याच कड्यातल्या कपारीत ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात दुपारी पियानोचे छोटे कार्यक्रम होतात. मंचामागे पूर्ण काच, त्यातून ती झोपडी आणि पाणी दिसतं. मी गेलो तेव्हा काचेवर पाऊस ओघळत होता आणि आत पियानो चालू होता. त्या दुपारी ऊन असतं तर काही कमी पडलं असतं असंच मला वाटतं.

चकली

सगळ्यांचे आभार, घरी सर्वांना वाचून दाखवलं. सासरे आता रून काड्यांसाठी हटून बसलेत. शेवटचे दोन प्रश्न. ओस्लोहून विमानाने यावं की रेल्वेने? आणि ट्रोल्डहाउगेनला ज्येष्ठांना न्यायचं तर कसं?

जास्वंदी

रेल्वेने या, शक्य असेल तर दिवसाच्या गाडीने. सात तासांच्या आसपास लागतात. १९०९ची ही लाइन फिन्सेला १२२२ मीटरवर जाते, झाडं संपतात, नुसतं पठार आणि बर्फाचे तुकडे. मग उतरत उतरत बर्गन. घरच्या माणसांना जागेवर बसून इतकं बघायला मिळतं की पायांना विश्रांती होते. वाटेत मीर्दालला उतरून फ्लोमची छोटी रेल्वेही करता येते. पावसाळी दिवसांत तिथले धबधबे दुथडी भरलेले असतात, त्यामुळे पाऊस असला तरी बेत रद्द करू नका.

ट्रोल्डहाउगेनला शहरातून ट्राम जाते, हॉप थांब्यावर उतरायचं. तिथून पुढे मात्र अर्धा तास चाल आहे, चढ-उतारही आहे. आम्ही तरुण मंडळी चालत गेलो आणि आई-मावशी-काकांना टॅक्सीने पाठवलं. परतीची टॅक्सी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा, कारण संपल्यावर सगळेच एकदम शोधतात. आणि सासऱ्यांना सांगा, म्युझियमच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघायच्या आठवड्यात एकदा बघून घ्या.